कोनाड्यावरची पट्टी

७ फेब्रुवारी १८५८
चर्चमधून आलो तर जावईबापू दारात उभे! बहिणीचा नवरा, घरात घ्यावंच लागतं. इलारिओनच्या काखेत अलंब्रा राजवाड्यातल्या लहान दालनाची हातभर प्रतिकृती होती, प्लास्टरची. निळा इतका भडक की जत्रेतली बाहुली बरी. इंग्रज बायका असलंच विकत घेतात आणि म्हणे मूर राजे असे राहत होते!

कोनाड्यावरच्या पट्टीत यानं चांदणीच्या मध्यभागी आठ पाकळ्यांचं फूल काढलंय. माझ्या प्रतिकृतीत तिथे पान आहे. वडिलांच्या साच्यात पान आहे, आणि तो साचा त्यांनी थेट भिंतीवरून घेतलेला. तसं सांगितलं तर म्हणतो, मी जमिनीवर उताणा पडून पाहिलंय. राजवाड्यात उताणा! गाढवसुद्धा लोळायला जागा बघतं.

१५ फेब्रुवारी
पाऊस. प्लास्टर वाळेना.

२२ फेब्रुवारी
पावसानं राजवाड्यातली ती पट्टीच कोसळली. खाली नुसता चुरा. तशी नक्षी राजवाड्यात दुसरी कुठेच नाही. ज्याच्याकडे खरा नमुना, त्यानं ती नव्यानं घडवायची असं राजवाड्याच्या कचेरीनं ठरवलंय. यात विचारायचं काय?

२६ फेब्रुवारी
दोन्ही प्रतिकृती कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर. मी वडिलांचा साचा पुढे ठेवला, तीस वर्षांचा. इलारिओनकडे पुरावा काय, तर त्याचे डोळे!

"मनानं नक्षी रचणारा माणूस आत हवाच कशाला?" मी म्हणालो. कारकून हसले. साहेबांनी त्याचा आत जायचा परवाना काढून घेतला आणि काम मला दिलं. परवान्याशिवाय आता हा दालनं मोजणार कशी? कोंबड्या पाळाव्यात.

बाहेर पडताना म्हणाला, "मेहुणेबुवा, तुम्ही स्वतः कधी मान वर करून पाहिलंय का?"

साचा हाताशी असताना भिंतीकडे कशाला बघायचं?

४ मार्च
बहीण एन्ग्रासिया कॉड माशाचं कालवण घेऊन आली. डोळे सुजलेले. दोघं मालागाला चाललेत, हा तिथे गोदीत हमाली करणार.

"दादा, ते खोटं बोलत नाहीत. साहेबांना एकदा सांगून बघ ना."

नवरा निवडताना मला विचारलं होतंस का, म्हटलं. मग बसली नाही. कालवण खारट होतं.

१३ मार्च
पट्टी बसली. साहेब खूश. पान काय डौलदार दिसतंय!

१५ मार्च
उरलेला चुरा उपसताना तळहाताएवढा जुना तुकडा मिळाला. अर्धं फूल. चार पाकळ्या. पुन्हा मोजल्या, चारच.

घरी येऊन वडिलांचा साचा खिडकीत उजेडात धरला. मध्यभागी जोड आहे. साचा तिथे फुटला होता आणि वडिलांनी भोक बुजवून आपल्या मनानं पान कोरलंय. म्हातारा कधी बोलला नाही. आणि तीस वर्षांत मी एकदाही वर पाहिलं नाही.

इलारिओन खरं बोलत होता. शुक्रवारी निघतोय. अजून चार दिवस आहेत, साहेबांची कचेरी दहा मिनिटांवर.

१९ मार्च
तुकडा सकाळी खलात घालून कुटला. मग त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेलो. इलारिओननं आपली मापांची वही माझ्या हातात दिली, तुम्हाला उपयोगी पडेल म्हणाला. घेतली.