शेजाऱ्याला पटवून द्या

सांगली,
१० डिसेंबर १९९६

प्रिय खातून आपा,

सलाम. इथं सगळे खुशाल. जीनत कशी आहे? साताऱ्यात थंडी पडली असेल.

माझ्या वर्गाचं कॉलेजात सध्या फार कौतुक चाललंय. पहिल्या वर्षाला एकशेचाळीस मुलं. मी फळ्यावर प्रश्न लिहितो : वर फेकलेला दगड टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती? खाली तीन उत्तरं. मुलं एक, दोन किंवा तीन बोटं वर करतात. मग सांगतो, ज्याचं उत्तर वेगळं असेल त्या शेजाऱ्याला आपलं पटवून द्या. पाच मिनिटं नुसता बाजार. पुन्हा बोटं वर होतात, तेव्हा बरीच बदललेली असतात. आटपाडीची प्रियंका जूनपासून मान खाली घालून बसायची. आता बाक बडवून भांडते.

परवा प्राचार्य बघायला आले. मागच्या बाकावरून त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "शून्य नाही. नीट विचार करा." वर्ग हसला. तेव्हा प्रियंका पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "सर, ते इचारत्यात, ही पद्धत कुठनं शिकलासा?"

आपा, मी खरं सांगून टाकलं. दोन वर्षं झाली, मला मुलांचे प्रश्न ऐकू येत नाहीत. म्हणून एकमेकांना विचारायला लावलं, म्हणून बोटं. पद्धत कसली, लपायची जागा होती ती. कुणी हसलं नाही. प्रियंका जागेवर न जाता म्हणाली, "पर आमाला बोलायला मिळालं न्हवं का, सर."

एकशेचाळीस मुलांना सांगितलं, आणि तुला नाही.

सप्टेंबरात तू फोन केलास, त्यातलं मला काहीच कळलं नव्हतं. जीनतचं स्थळ जमलं असेल असं वाटून मी म्हणालो, "वा, फार छान झालं." तू फोन ठेवलास. दुल्हाभाईंना हार्ट अटॅक आल्याचं पंधरा दिवसांनी तुमच्या शेजारच्या भाऊसोंनी पत्रानं कळवलं. तरीही मी गप्प राहिलो. अब्बांना लोक काय म्हणून हाका मारायचे, तुला माहीत आहे. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा तुझ्या नजरेत निर्दयी ठरणं मला सोपं वाटलं. चुकलो.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं येतोय. दुल्हाभाईंजवळ बसेन. तुला रागवायचं असेल तर माझ्या उजव्या बाजूला बस. त्या कानानं अजून थोडं ऐकू येतं.

तुझा,
नियाज