टाकीखालची रेंज

५ फेब्रु. २००७, सोम.
आले. त्र्यंबक रोडला सातपूरचे कारखाने मागे पडले की इमारती विरळ होतात, मग उघडे डोंगर, मग हे प्रशिक्षण केंद्र. तीन आठवडे. विषय: कार्यालयीन कामकाजाचं संगणकीकरण. आम्ही सगळे विस्तार अधिकारी, चाळिशीच्या पुढचे. एका हातात माउस आणि दुसऱ्या हाताने चष्मा शोधणारे. गेट पास फक्त रविवारी.

लॅबमध्ये संगणक भरपूर, नेट नाही. रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटली म्हणे. कधी जोडणार विचारलं तर वॉर्डनबाई म्हणाल्या, "मॅडम, मी इथं रुजू झाले तेव्हाही ती तुटलेलीच होती."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. नोकरीच्या गावी, पेठला होते तर दर शनिवारी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन नंदाचा मेल बघता यायचा. इथून कसा बघायचा?

६ फेब्रु.
खोलीत दोघी. शैला, सटाण्याची. आल्या आल्या आईला अहिराणीत फोन: "बरं शे वं माय, बरं शे." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, "ताई, तुम्ही घोरता का?"

दोघींत मिळून एक लॅपटॉप दिला आहे. नेटशिवाय. सुंदर, निरुपयोगी.

७ फेब्रु., बुध.
झोप नाही. एकदा स्वतःपुरतं नीट लिहून ठेवते.

नंदा माझी धाकटी बहीण. मस्कतपासून लांब एका हॉस्पिटलात नर्स. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे आई फोनवर कधी आलीच नाही. आली तर "जेवली का? बरं, ठेव" असं ओरडून स्वतःच ठेवून द्यायची. म्हणून माझ्या मेलच्या शेवटी आईचा निरोप असायचा. "आई म्हणते," असं लिहून मग ती सांगेल ते.

डिसेंबरात आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चांदवडला दादाकडे असते. दादाने दवाखान्याच्या दारातच सांगितलं, "नंदीला कळवायचं नाय. येऊन काय करनार हाय ती? तिकडं एकली रडत बसंल."

आमच्याकडे हे असंच. लांब असलेल्याला वाईट बातमी सगळं उरकल्यावर. बापू, आमचे वडील, गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती. शेवटच्या पेपरानंतर मामा न्यायला आला आणि वाटभर कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिला. मला वेशीत कळलं.

आणि तरी मी दादाला हो म्हणाले. "आई म्हणते" लिहिणं मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर नंदाला कळलं असतं.

८ फेब्रु.
शैलाच्या हँडसेटमध्ये जीपीआरएस आहे. नवऱ्याने घेऊन दिला. "त्याला वाटलं मी काहीतरी करीन त्याचं. मी उखाणे साठवलेत." केबल असेल तर फोन लॅपटॉपला जोडून नेट मिळतं, असं आजच्या सरांनी सांगितलं. फळ्यावर काढूनही दाखवलं: फोन, रेघ, लॅपटॉप, रेघ, ढग.

१० फेब्रु., शनि.
वर्गातले एक जण डॉक्टरसाठी खास पास काढून सातपूरला जाऊन आले, त्यांच्याकडून केबल मागवली. सोबत सीडी. ती टाकली तर लॅपटॉप म्हणतो, उपकरण सापडलं नाही. फोन शेजारीच पडलेला. कंपनीला फोन केला, सेटिंगचा मेसेज पाठवतो म्हणाले. आला नाही. खोलीत रेंजची एकच काडी, तीही पंखा फिरला की जाते असं शैलाचं मत.

११ फेब्रु., रवि.
चांदवड. आईला ओळख आहे की नाही, सांगता येत नाही. डोळे माझ्यावर येतात, थांबतात, पुढे जातात. तोंडाची एक बाजू ओघळलेली.

दादा तिला भरवतो. इतका दांडगा माणूस, पण तिचं तोंड पुसताना किती हळू होतो. त्याच्यावर रागवायला मला कारण मिळत नाही.

वहिनीने विचारलं, "नंदाताईंना काय लिहिता हो तुम्ही? त्या फोनवर म्हणत होत्या, आई आता लई छान बोलायला लागली."

लाज वाटली. त्याखाली, अगदी तळाशी, थोडंसं बरंही वाटलं. हे कुठे लिहायचं? इथेच.

१३ फेब्रु., मंगळ.
लागलं! गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली बसलं की तीन काड्या येतात. टाकी ठिबकते. शैलाने लॅपटॉपवर ओढणी धरली, मी फोन उंच धरला. *९९# लावलं, बराच वेळ काहीच नाही, मग कोपऱ्यात दोन छोटे संगणक लुकलुकले. शैला ओरडली, "ताई, आपण इंटरनेट झालो!"

मेल उतरायला एक चहा पिऊन झाला. नंदाचा:

"ताई, करार संपत आलाय. आणखी दोन वर्षांसाठी सही करायची का, ते वीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. मला काही सुचत नाही. आईला विचार, थांबू की येऊ? ती म्हणेल ते करीन. तू तुझं मत घालू नकोस, तिलाच विचार. परवाचा तिचा निरोप वाचून मी वॉर्डमध्ये डोळे पुसले. आई म्हातारपणी किती गोड झाली गं."

शैलाने विचारलं, "काय, चांगली बातमी का?"
हो म्हटलं.

१४ फेब्रु.
दादाला फोन. सगळं सांगितलं.
"मग करू दे की सही. चांगलंच हाय."
"आणि आई?"
"आई हाय ना माझ्याकडं. तिला टाकलीय का मी?"
"तसं नाही रे. नंदा आईला विचारतेय. आईच्या नावाने मी काय सांगू?"
"तू गोष्टी लिवती ना? लिव की चार ओळी. तुला काय अवघड हाय?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटतं. म्हणूनच दिवसभर लागत राहिलं.

नंदाला फोन करता येईल. पण माझा आवाज तिला कळतो. मी 'हॅलो' म्हटलं की ती विचारते, काय झालं?

१५ फेब्रु., गुरु.
आज वर्गात शिकवलं: लाइन नसतानाही मेल लिहिता येतो. 'पाठवा' दाबलं की तो आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो, लाइन जोडली की आपोआप जातो.

दुपारी खोलीत लिहिलं. दादाचं मत, आईचा आवाज, माझे शब्द.

"आई म्हणते, थांब. मी बरी आहे. दादा बघतो, सून बघते. तू तिथं चार माणसांची आई झालीस, त्यांना सोडून माझ्यापाशी बसून काय करशील? मी कुठं जात नाही."

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तरी 'पाठवा' दाबलं. लाइन नव्हती. जाऊन बसला आउटबॉक्समध्ये.

१६ फेब्रु., शुक्र.
महाशिवरात्र. त्र्यंबकला जाणाऱ्यांनी पहाटेपासून रस्ता भरलेला. एवढे मोबाइल एका रस्त्यावर, टाकीखाली एक काडीसुद्धा नाही. मेल गेला नाही.

किती हलकं वाटलं. म्हणजे पाठवायचा नव्हताच मला. असा मेल पाठवणारी बाई मी नाही. उद्या काढून टाकते. खरं काय ते लिहिते. दादाला नंतर तोंड देऊ.

१७ फेब्रु., शनि.
जेवून वर आले तर शैला टाकीखाली लॅपटॉप घेऊन.
"ताई, पेढे द्या! तुमचं अडकलेलं पत्र गेलं एकदाचं. भाच्याचा फोटो आलाय का बघायला लाइन जोडली, तर तुमचं आधी सुटलं."
मी लॅपटॉप तिच्या हातून ओढून घेतला.
"काय झालं? चुकलं का माझं?"
"नाही गं."
"मग असं तोंड का केलं?"
"उन्हातून आले ना."

तिचं काय चुकलं? 'पाठवा' मीच दाबून ठेवलं होतं.

१८ फेब्रु., रवि.
चांदवड. दादा मळ्यात गेला होता. आईजवळ बसले. तिचा डावा हात धरला, कानाशी मोठ्याने विचारलं, "आई, नंदाला बोलवू?" हात दाबला गेला. स्पष्ट. पुन्हा विचारलं. पुन्हा दाबला. मला रडू फुटलं.

वहिनी दारात होती. हळूच म्हणाली, "ताई, त्या सगळ्यालाच दाबतात. पाणी देऊ का म्हटलं तरी, लाइट घालवू का म्हटलं तरी."

मग तिसऱ्यांदा विचारलं, "नंदाला सांगू, थांब म्हणून?"
दाबला.

दुपारी नंदाचा फोन आला. दादा नुकताच आलेला, त्याने उचलला आणि माझ्या हातात दिला.
"ताई, तू पण तिथंच? आईचा निरोप मिळाला गं. वाचला आणि जीव हलका झाला. मंगळवारी सही करते. आई कुठंय?"
दादा माझ्याकडे बघत होता. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखाच उभा होता.
"झोपली आहे," मी म्हणाले.
"तुझा आवाज असा का येतोय?"
"सर्दी झालीय."

आई समोर डोळे उघडे ठेवून पडली होती.

पोर्चमध्ये चपला घालताना दादा म्हणाला, "बरं केलंस." बसमध्ये पूर्ण वाट ते दोन शब्द.

१९ फेब्रु., सोम.
केंद्रावर शिवजयंतीचा कार्यक्रम. मी डोकं दुखतं म्हणून वर. लिहिलं. खूप वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात उपमा आली, तेव्हा लॅपटॉप बंद केला. स्वतःची शिसारी आली.

शेवटी एवढंच राहिलं:

"नंदा, आईला डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला. बोलता येत नाही. तुला कळवायचं नाही असं दादाने सांगितलं आणि मी ऐकलं. 'थांब' हे आईने म्हटलेलं नाही, ते मी लिहिलं. आई काय म्हणेल ते मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. सही करायच्या आधी हे वाच."

संध्याकाळी लाइन जोडली, तुटली. जोडली, तुटली. अर्धवट जाऊन परत आउटबॉक्समध्ये. फोनही लावला, तिचा बंद. ड्युटीवर असताना मोबाइल लॉकरमध्ये असतो.

२० फेब्रु., मंगळ.
सकाळचं पहिलं लेक्चर सोडून टाकीखाली. शैला आपणहून आली. फोन धरून उभी राहिली. हात दुखला की हात बदलायची. बाहीवर टाकीचं पाणी ठिबकत होतं.

गेला. आउटबॉक्स रिकामा.

मग शैलाला सगळं सांगितलं. तिने ओली बाही पिळली. नंतर म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही पण दिराला असंच केलं. अजून बोलत नाही तो."

२१ फेब्रु.
उत्तर नाही. सही झाली का? मेल बघितला का? फोन वाजतो, उचलत नाही.

दादाचा फोन आला, मीही उचलला नाही.

२२ फेब्रु., गुरु.
दादाला सांगितलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "आता ती तिथं बसून काय करंल, ते तू बघ." आणि मग, "आई आज काही गिळंना." ठेवला.

उद्या शेवटचा दिवस. परवा सकाळी लॅपटॉप परत द्यायचा आहे.

२३ फेब्रु., शुक्र.
आलं. टाकीखाली एकटीने वाचलं.

"ताई, सही केली नाही. रजेचा अर्ज टाकलाय, बदली माणूस मिळाला तर सोडतील म्हणतात. नाही मिळाला तर माहीत नाही. दादाशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. मला फक्त एक सांग. आईचं कुठपर्यंत आईचं होतं? मी तिचे सगळे निरोप छापून घेतलेत. होस्टेलवर कपाटाला आतून लावलेत. कुठले काढू?"

वाटलं, सोपं आहे. डिसेंबर. झटक्याची तारीख लिहायची, त्यानंतरचे काढ म्हणायचं.

म्हणून गेल्या वर्षीचे जुने मेल उघडले. एकेक उतरायला वेळ लागत होता. दिवाळीचा निरोप: "अंगणात पणती लावताना वाटलं, एक तुझ्या वाटेवर लावावी." दिवाळीत आई धडधाकट होती, बोलत होती. पण हे ती म्हणाली होती का? मी ओट्याशी उभी होते, ती चकल्या तळत होती. म्हणाली होती, "लिव, जेवत जा म्हणावं. अजून काय." बाकीचं मी घातलं. ती म्हणाली असती असं वाटलं, म्हणून. त्याच्या आधीचा गणपतीचा. त्याच्या आधीचा, आंब्याच्या दिवसांतला. नंदा तिकडे गेल्यापासूनचे सगळे असेच.

म्हणजे तारीख नाही.

"नंदा," एवढं लिहून बसले आहे. लाइन आहे, तीन काड्या आहेत. खालून शैला विचारते आहे, ताई, झालं का? प्रत्येक निरोपात कुठे ना कुठे 'जेवत जा' आहे. तेवढं तिचं. बाकीचं काढ असं लिहिलं तर कपाटाला काय राहील?