सात नंबरच्या बाजूची नाली

बाबा, सोयाबीन हे तुम्हाला कधी पीक वाटलंच नाही. तुम्ही आयुष्यभर धान लावलेला माणूस. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी साचलं की तुमचा जीव भांड्यात पडायचा, आणि मी घेऊन आले ते पीक असं, की पायाशी पाणी थांबलं की पिवळं पडतं. तरीही कामठ्याच्या आपल्या शेतातली एक बांधी आणि वरचा माळाचा तुकडा तुम्ही माझ्या कृषी कॉलेजच्या प्रयोगासाठी मोकळा करून दिलात. आईने पहिल्यांदा सोयाबीन भिजवून उसळ केली, तेव्हा दोन घास खाऊन तुम्ही ताट सरकवलंत. "हे तं बैलाईचं खानं आहे, बाई. पयले त्याईले इचार, थे तरी खातेत का!" आईला चुलीपाशी हसू आवरेना. मी मात्र फणकारले. मला तेव्हा फार पटकन राग यायचा. अजूनही येतो, फक्त आता हाताखालची माणसं त्याला शिस्त म्हणतात.

प्रयोग साधा होता, निदान मला तरी साधा वाटत होता. बारा वाण, तेच बियाणं बांधीत आणि तेच माळावर, प्रत्येकाचे तीन-तीन वाफे. झाडाची उंची, फुलं कधी आली, शेंगा किती लागल्या, दाणा किती भरला, हे सगळं मोजायचं, आणि त्यातलं किती बियाण्याने सोबत आणलं आणि किती जमीन-पाण्याने दिलं ते वेगळं काढायचं. फुलाचा रंग बियाण्यातूनच येतो. जांभळं फुलणारं वाण कुठेही पेरा, जांभळंच फुलणार. उंचीचं आणि शेंगांचं तसं नाही, ती जागेप्रमाणे बदलतात. हे मी तुम्हाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून समजावते आहे, आणि तुम्ही मान हलवत बांबूची एक काठी तासता आहात. दोन दिवसांनी तीच काठी माझ्या हातात देता. माझ्या फूटपट्टीवरून खुणा घेतलेल्या, तापल्या सळईने डागलेल्या, झाडांची उंची मोजायला. इतकी उपयोगाची भेट मला पुन्हा कोणी दिली नाही. वाणांचे नंबर मात्र तुमच्या तोंडात बसले नाहीत. चार नंबर तुमचा लंबू आणि सात नंबर रडकी, कारण पाणी थांबलं की सगळ्यांच्या आधी तीच मान टाकायची.

श्रावणात मी पंधरा दिवस परीक्षेसाठी कॉलेजला गेले, आणि नेमका तेव्हाच पाऊस धरून बसला. परत आले ती पिशवी ओसरीवर टाकून थेट बांधीकडे. अकरा वाण पिवळे पडले होते आणि सात नंबर, तीच रडकी, हिरवागार उभा होता. एका वाफ्यात नाही, तिन्ही वाफ्यांत. सुरुवातीला मान टाकली तरी पुढे पाण्यात तग धरणारा वाण आपल्या भागात कोणालाही हवा होता, बाबा, आणि तो मला सापडला असं मला वाटलं. मी तिथूनच माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, मुळं बघ, खोड बघ, सगळं नीट लिहून ठेव. मुळं बघायला खाली बसले, पानं बाजूला केली, तर वाफ्याच्या कडेने हातभर रुंद नाली. फावड्याने कोरलेली, थेट धुऱ्याबाहेर काढून दिलेली. बाकीच्या दोन वाफ्यांनाही तशीच. दुसऱ्या कोणत्याही वाणाला नाही.

तुम्ही तण निंदणाऱ्या बायांजवळ उभे होतात. मी तिथूनच ओरडले, "बाबा, हे काऊन केलं तुमी?" तुम्ही अगदी सहज म्हणालात, "बुडून राह्यली होती ना थे. मले पायवलं नाही." मी म्हणाले, बियाण्याचं काय आणि जमिनीचं काय, एवढंच मला मोजायचं होतं आणि ते तुम्ही मातीत घातलं. त्यावर तुम्ही जरा विचार करून विचारलंत, "आन् मानसानं काय देल्लं, थे कोन्या रकान्यात लिवतेस तू?" तुम्ही खरंच विचारत होतात. तुम्हाला ते जाणून घ्यायचं होतं. मला वाटलं, थट्टा करता आहात. त्या सगळ्या बायांसमोर मी म्हणाले, "अडानी ते अडानीच राह्यले तुमी. माह्या कामाले हात नोका लावू." बायांचे विळे थांबले. तुम्ही फावडं उचललंत आणि घराकडे गेलात.

सात नंबरचे बांधीतले तिन्ही वाफे मी वहीत आडवी रेघ मारून काढून टाकले. त्यानंतर तुम्ही त्या बांधीत पाय ठेवला नाहीत. माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायचात, ती धुऱ्यावर ठेवून तिथूनच परत फिरायचात. जेवताना बोलायचात, हसायचातही, पण सोयाबीनचं नाव काढायचा नाहीत. मला वाटायचं, होईल ठीक. पौषात तुम्ही गेलात, दोन दिवसांच्या तापाने, आणि तुमची माफी मागायची राहूनच गेली.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग मी पुन्हा मांडला, पण अर्ध्या वाफ्यांना नाली काढून. वाणावाणांत जो फरक मी बियाण्याचा समजत होते, त्यातला बराचसा नाली काढल्यावर उरलाच नाही. रडकी तर कितीतरी नावाजलेल्या वाणांच्या बरोबरीने भरली. माझं पुढचं सगळं काम त्यातून निघालं, नोकरीसुद्धा. आज मी गावोगाव जाऊन सांगते, वाण बदलायच्या आधी पाण्याला वाट करून द्या. लोक ऐकतात. काही जण करतातही.

परवा तिरोड्याकडच्या एका बैठकीत मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाई, हे सुचलं कसं तुले?" मी म्हणाले, "प्रयोगातून." ती मान हलवून बसली आणि मी पुढचा मुद्दा घेतला. कोणीही विचारलं की मी हेच सांगते, आजवर हेच सांगत आले. श्रेय लाटायचा माझा विचार नव्हता, बाबा, एवढं तरी खरं माना. पण ती नाली माझ्या बाबांनी काढली असं म्हटलं, की लोक पुढे हमखास विचारतात, मग ते काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात? आणि मी काय म्हणाले ते मला अजून कोणासमोर सांगता येत नाही. आज पहिल्यांदा लिहिलं, तेही तुम्हाला वाचता येणार नाही म्हणून.