सारखी चूक कोणत्या पर्यायात आहे?

उमरखेड
१४ डिसेंबर २०२४

प्रिय भोजाई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना नमस्कार. मी खुशाल आहे. फोन केला की तुझा भाऊ भारत उचलतो आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतो. मी त्याच्यावर रागावले नाही. समीक्षा तुमच्याच तांड्यावरची, माझ्या क्लासला येते, म्हणून हे पत्र तिच्या हाती देते आहे.

हो, मी वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला. बा म्हणतो, "फुकटात भांडत होती तेच बरं होतं." कापूस यंदा बरा आहे. कबरी गाय व्याली, कालवड झाली.

या आठवड्यात सर एक वेगळाच प्रकार शिकवताहेत. एक चुकीचा युक्तिवाद देतात आणि तशीच चूक असलेला दुसरा शोधायला लावतात. जसं, गावात पूल झाला, त्याच वर्षी शाळेचं छप्पर उडालं, म्हणजे पुलामुळेच उडालं. आता सारखी चूक कोणत्या पर्यायात आहे? सर म्हणतात, विषय सोडा, नुसती रचना जुळवा.

मला विषय सोडता येईना. मला तू आठवलीस.

आपल्यात नवरीने निघताना माहेरच्यांच्या गळ्यात पडून निरोपाचा ढावलो गायचा, रडायचं. तू हसत जीपमध्ये बसलीस. बाया तेव्हाच कुजबुजल्या. पाच महिन्यांनी सेवादासदादा विहिरीवर करंट लागून गेला, आणि पोटचा लेक गेलेली याडी सगळ्यांदेखत तुला म्हणाली, "तवा रडली नाही, म्हनून आता रडा लागलं." तेरवी झाली आणि तुला माहेरी धाडलं. आता समीक्षा सांगते की तूही तेच म्हणतेस, मी रडले असते तर ते राहिले असते. हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी कापूस वेचताना मी याडीला तो पुलाचा प्रश्न सांगितला. "येडे हायेत काय? पुलानं छप्पर कसं उडन?" ती हसली. मग मी तुझं नाव घेतलं.

तिने हातातली कापसाची ओळ वेचून संपवली. मग म्हणाली, "मले समजते गं. पन खापर तिच्यावरून काढलं तर कोनावर टाकू? लाइन आली, मोटर लावून ये, असं त्याले मीच म्हनलं. मी धाडलं म्हनून गेला तो."

भोजाई, करंट स्टार्टरच्या पेटीत उतरला होता. तो तुझ्या न रडण्याने उतरला नाही आणि याडीच्या धाडण्यानेही नाही. परीक्षेत एकच पर्याय बरोबर असतो, आपल्या घरात तुम्ही दोघी एकाच चुकीत बसल्या आहात.

मी तिला हे सांगितलं. ती ऐकत नाही. अर्धी भाकरी खाते आणि उठते. विहिरीकडे तोंड करून वेचतसुद्धा नाही.

तू सांगितलंस तर ऐकेल. तिच्यासमोर बसून एकदाच म्हण, याडी, तू धाडलं म्हणून ते गेले नाहीत. हे म्हणायचा हक्क तुझ्याएवढा कुणाचा नाही. पण त्याआधी तुला स्वतःला माफ करावं लागेल, नाहीतर तुझ्या तोंडून तिला ते खरं वाटणार नाही.

फार मागते आहे, ते मला कळतं. जिने तुला घालवलं तिच्यासाठीच मागते आहे. ती बोलवणार नाही, तिला तोंड उरलं नाही. मी बोलावते.

दादा नसतानाही तुझीच नणंद,
जया