मामाचं टेबल नळापाशी

शुक्रवार, ४ मे २००१

डोकं फोडायचं तर घरात फोडावं की! मंगल कार्यालयात, आचाऱ्यांसमोर कशाला?

उद्या सकाळी नातीचं लगीन, संध्याकाळी रिसेप्शन. माझ्या पोरानं, दिनकरनं, पुढची टेबलं धंद्यातल्या पावण्यांना दिली आणि पोरीच्या सख्ख्या मामाला पार मागं, हात धुवायच्या नळापाशी टाकलं. मामा आज बघायला आलता. "दाजी, मी भांडी घासायला येणार हाय व्हय?" म्हणाला आणि टेबल वढत पुढं आणलं. दिनकरनं लोखंडी खुर्ची मिटली आणि घातली त्याच्या कपाळात. टेबलावरचं पांढरं कापड लालभडक.

सून भावाचं डोकं मांडीवर घेऊन वरडतीया आणि हा मांडववाल्याला म्हणतोय, "कापड बदला." कापड! माणूस पडलाय तुझा, मुडद्या! परत खुर्ची उचलली, तशी मी पायातली काढून त्याच्या थोबाडावर हाणली. सगळ्यांदेखत. बरं केलं. पण पहिल्यांदा त्यानं खुर्ची उचलली तवा मी काय करत होते? जिलेबी चाखत होते. त्या कापडाचं मात्र ह्याला पडलंय.

मामाला टाके पडले. निरोप आलाय, लग्नाला येणार न्हाय. मग अक्षतांना पोरीच्या मागं कोण उभं राहणार? व्यापारी?

उजाडताच दिनकरनं मेव्हण्याच्या दारात एकट्यानं जायचं. तिथं कानाखाली बसल्या तरी मान खाली घालून त्याला घेऊनच यायचं. आणि मांडवात नवऱ्याकडच्यांनी विचारलं, मामाच्या कपाळाला काय झालं, तर सुनेनं बोलायचं न्हाय, मीबी न्हाय. दिनकरनंच सांगायचं.