परागचा लॅपटॉप तापत नाही

१५ एप्रिल २००७, रविवार
नवा लॅपटॉप घेतला. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्याकडून त्याला लगेच मापाचं प्लास्टिकही शिवून घेतलं. खालून, बाजूने, सगळीकडून बंद. बटणं दाबायला जरा जोर लागतो, पण घोडबंदर रोडच्या धुळीचा कण आत जाणार नाही. समोरच्या परागकडे हाच लॅपटॉप आहे. उघडाच पडलेला असतो, वर ओरखडे. लोकांना वस्तू जपता येत नाहीत.

१ मेला सोसायटीच्या कार्यक्रमात माझी लेक इशिता घोडबंदर किल्ल्याचे फोटो पडद्यावर दाखवणार. लॅपटॉप आपलाच. माइकवरून माझं नाव घ्या, असं सेक्रेटरी धर्माजींना सांगून ठेवलं.

१७ एप्रिल
लॅपटॉप तापतोय. मांडीला चटका बसला, मग आपोआप बंद. नीलम म्हणते, अहो, ते प्लास्टिक काढा. मी विचारलं, सोफ्याचं कधी काढलं का? सोफा तापून बंद पडला का? बायको कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली.

१९ एप्रिल
पुन्हा बंद. इशिता फोटो घेऊन परागकडे गेली. परागकाकांचा तापत नाही म्हणे. परागकाकांनी आइस्क्रीम दिलं म्हणे. बाप मी आहे.

मी जळतो, असं नीलमचं मत. साफ चूक. मी फक्त विचारतोय, त्याचाच का थंड?

२१ एप्रिल, सकाळी
साखर मागायच्या निमित्ताने परागकडे. एसी नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं, काही नाही. त्याने विचारलं, दादा, काय हरवलं? चप्पल म्हणालो. चप्पल पायात होती.

निघताना म्हणाला, दादा, प्लास्टिक एकदा काढून बघा ना. म्हणजे आमच्या घरातलं बोलणं तिकडे पोचतं. इशिता की नीलम? लक्ष ठेवायला हवं.

२४ एप्रिल
लॅपटॉप ओट्यावर ठेवला. कडप्पा थंड असतो. समोर टेबलफॅन. नीलमने डाळीला फोडणी दिली, वाऱ्याने गॅस विझला आणि मोहरी लॅपटॉपवर उडाली. प्लास्टिक होतं म्हणून वाचला! हे परागला कोण सांगणार?

लॅपटॉप आणि मी, दोघांनाही स्वयंपाकघरात बंदी.

२९ एप्रिल
जालीम उपाय सापडला. फ्रीज. आधीच गार करून ठेवला तर तापायला वेळ लागेल, साधं गणित आहे. खालच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीवर ठेवला. उद्या इशिता घरी बसून काम करेल. परागने आइस्क्रीम एकट्याने खावं.

३० एप्रिल
बाहेर काढला. बर्फ! प्लास्टिकच्या आत थोडं पाणी दिसलं. चालू केल्यावर चट् असा आवाज झाला. मग काहीच नाही.

इशिताला म्हटलं, विश्रांती घेतोय. ती म्हणाली, राहू द्या पप्पा, फोटो मी पहिल्यापासून परागकाकांच्याच लॅपटॉपवर ठेवलेत.

पहिल्यापासून! पोटच्या पोरीने असं करावं? फार लागलं. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१ मे
कार्यक्रम झाला. धर्माजींनी माइकवरून सांगितलं, लॅपटॉप परागभाऊंच्या सौजन्याने. टाळ्या कडकडल्या. मीही वाजवल्या, बेताच्या.

मी पहिल्या रांगेत, परागच्या लॅपटॉपवर नजर ठेवून बसलो. एकदा तरी बंद पडेल, ही खात्री होती. पडला नाही. संपल्याबरोबर पुढे जाऊन हात लावला. कोमट! चांगलाच कोमट! धावत जाऊन इशिताला सांगितलं, बघ, परागकाकांचाही तापतो.

ती म्हणाली, पप्पा, चालू असला की तेवढा तापतोच.

मग तिनेच विचारलं, शेवटचा फोटो कसा वाटला? किल्ल्यावर तुम्ही मला खांद्यावर घेतलंय, तो?

छान, म्हणालो. पडद्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर आपल्या लॅपटॉपला हात लावून पाहिला. एकदम थंड आहे.