काचेतलं डुक्कर

तीर्थस्वरूप सिल्व्हेनसदादांस धाकट्या रोलंडचा लंडनहून नमस्कार.

वहिनींचा दमा, तुमचा गुडघा आणि सफरचंदांच्या बागा ठीक असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

मंगळवारी पार्लमेंटला निघालो, तर टॅपलीबाईंच्या दुकानापुढे ही गर्दी! (बाई विधवा. पुढाऱ्यांची छापील सोंगं विकते आणि त्यावर चांगली गुटगुटीत झाली आहे.) काचेत नवं चित्र. प्रधानजी कोल्हा होऊन सफरचंदाचं झाड हलवताहेत आणि खाली केसांचा टोप घातलेलं एक डुक्कर पडेल ते फळ डोळे मिटून गिळतंय. टोप माझा! हनुवट्या माझ्या, तिन्ही! दादा, राजेसाहेबांना हे लोक सिंह करतात, विरोधकांना निदान बैल करतात. आणि स्कर्म घराण्याच्या वाट्याला डुक्कर? माझं पित्त खवळलं. काठी उगारून आत शिरलो.

"काठी खाली घ्या, साहेब," बाई म्हणाली. "कुणी दुखावलं तुम्हाला?"

"त्या डुकरानं!"

"त्यानं बिचाऱ्यानं काय केलं?"

"अहो, ते डुक्कर मी आहे!" मी गरजलो.

दार उघडं होतं. बाहेर एक मासळीवाली किंचाळली, "अगं बाई, स्वतःच कबूल झाला! आम्ही मघापासून उगाच डोकी शिणवतोय!"

बाई म्हणे, चित्रकाराच्या मनात भलताच कुणी होता. "पण साहेब, तुम्ही आपणहून म्हणताय तर आमचा नाइलाज." आणि माझ्यादेखत तिनं चित्राखाली शाईनं माझं नाव घातलं. स्पेलिंग मलाच विचारलं, आणि संतापाच्या भरात मी ते सांगितलंसुद्धा!

आता सभागृहात बोलायला उठलो की मागच्या बाकांवरून डुकरासारखे घुरघुरतात. परवा तर सभापतींनाही खोकला आवरेना. या देशात सभ्य माणसानं जगावं कसं?

आपला अपमानित बंधू,
रोलंड

ता. क. सायडरवरच्या, म्हणजे आपल्या सफरचंदाच्या दारूवरच्या, नव्या कराला मी मत दिलं म्हणून हे चित्र निघालं, असं गावात कुणी म्हणेल. दिलं, नाकारत नाही. आदल्या दिवशी प्रधानजींनी जेवायला बोलावलं होतं; खाल्ल्या घरी नाही कसं म्हणणार?

आणखी एक. पत्राचं खरं कारण राहिलंच. घरातली सायडर संपली आहे. तुमच्याकडचं एक पिंप पाठवून द्या. वर लोकरीचे गठ्ठे रचा, म्हणजे करवाल्यांच्या नजरेस पडणार नाही. हल्ली कर भरून पिणं परवडत नाही हो.